गेला आहे

मनकर्णानं ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि मास्तरांनी सांगितलेलं वाक्य पुन्हा लिहिलं. आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, मग मोठ्यानं वाचलं.

"आय हॅव अ ब्रदर."

"अर्थ सांगा."

"माझ्यापाशी भाऊ आहे."

"पाशी छत्री असते, मनकर्णाबाई," सुधाकर मास्तर म्हणाले. "मला भाऊ आहे."

"मग छत्रीला कोणतं लावायचं?"

"हॅवच. छत्रीला हॅव, भावाला हॅव, ताप आला तर तापालाही हॅव. आपण माझ्यापाशी, मला, माझा असं ज्याचं त्याचं वेगळं बोलतो. इंग्रजाचं एका शब्दावर भागतं. जे दिसेल ते त्याचंच."

मास्तर आपल्याच बोलण्यावर थोडं हसले. ती हसली नाही. तिनं 'ब्रदर' पुसून 'अंब्रेला' लिहिलं, त्याच्या मागचा 'अ' बदलून 'ॲन' केला आणि बरोबर आहे का म्हणून पाटी त्यांच्याकडे वळवली.

ओट्याच्या खालच्या पायरीवर तिचा सासरा भिकन रस्त्याकडे तोंड करून बसला होता. पागोटं काढून त्यानं गुडघ्यावर ठेवलं होतं. दर रविवारी निंबोल्याहून मोटारीनं तो सुनेला इथं बऱ्हाणपुरात आणी, धडा संपेपर्यंत त्याच पायरीवर बसे आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत घेऊन जाई. धडा चालू असताना तो कधी बोलला नव्हता. मास्तरांची बायको उषा चहा घेऊन आली की कप दोन्ही हातांनी घेई आणि पिऊन झाल्यावर विसळून पायरीच्या कडेला पालथा घाली.

राजघाटाकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत मागांचा खडखडाट दिवसभर चाले. आज त्यात मास्तरांच्या घरातली ठोकाठोक मिसळली होती. आतल्या खोलीत सुतार सामानाच्या खोक्यांना पट्ट्या मारत होता.

थंडीच्या तोंडावर राज्य बदललं होतं. नागपूरची राजधानी भोपाळला गेली, अकोला-अमरावती मुंबईकडे गेली, आणि बऱ्हाणपूर जागचं न हलता नव्या मध्यप्रदेशात पडलं. मास्तरांच्या शाळेतले मराठी वर्ग पुढच्या सालात राहणार की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. कुठं जायचं असं मास्तरांना विचारण्यात आलं तेव्हा त्यांनी अकोला म्हटलं. उषाचं माहेर तिथलं. परीक्षा आटोपल्या की ते निघणार होते. मनकर्णा मॅट्रिकला बाहेरून बसत होती. यंदा मराठीतून बसता येत होतं, पुढच्या वर्षाची खात्री कुणालाच नव्हती. म्हणजे जे व्हायचं ते याच वर्षी, आणि इंग्रजी तिचं सगळ्यात कच्चं.

तिला शिकवायचं हे भिकननंच काढलं होतं. तिचा नवरा यादव केळी भरलेल्या रेल्वेच्या वाघिणींबरोबर दिल्लीला जायचा. बऱ्हाणपूर स्टेशनात वाघिणी भरल्या की व्यापारी सोबत एक माणूस देत. वाटेत गाडी कुठं अडकली, केळी तापायला लागली, तर बघायला. एका वर्षी पोळा झाल्यावर यादव असाच गेला आणि परत आला नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. मग भिकन त्याला शोधायला दिल्लीला जाऊन आला. एवढं मोठं शहर, पता लागला नाही, म्हणाला. येताना प्रयागला नवस बोलून आलो, म्हणाला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी चुलीपुढं जेवता जेवता तो सुनेला म्हणाला, "सातवी पास हायेस ना तू? पुढचं शिक. शाळेत बाया लागून राह्यल्या म्हंतेत."

गाव हसलं. नवऱ्याचा ठावठिकाणा नाही आणि सून मोटारीत बसून शहरात जाते. भाऊबंदांतला देवराम पारावर म्हणाला, की सुनेला मास्तरीण करून भिकन कुणाचा संसार चालवणार आहे. पुढच्या रविवारी भिकन तिच्यासाठी मोटारीत खिडकीजवळची जागा धरून उभा होता.

मनकर्णानं त्यातून स्वतःपुरता एक अर्थ काढला होता. यादव येईल तेव्हा ती शिकलेली असेल. तो गेला तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते, दोघांचं बोलणंही अजून मोकळं झालं नव्हतं. पण निघताना त्यानं दिल्लीहून काय आणू असं विचारलं होतं आणि तिला त्या वेळी काही सुचलं नव्हतं. आता सुचायचं. भाकरी थापताना, कापूस वेचताना कधी लोकरीची शाल सुचायची, कधी शाईचं पेन. तो आला की सांगायचं म्हणून ती ते मनात धरून ठेवायची, आणि पुढच्या वेळी दुसरंच काही सुचायचं.

"आता दुसरं हॅव," मास्तर म्हणाले. "हे जरा कठीण आहे आणि परीक्षेत हेच विचारतात. पहिल्या हॅवला स्वतःचा अर्थ होता. जवळ आहे, मालकीचं आहे. हे दुसरं एकटं काहीच सांगत नाही. दुसऱ्या क्रियापदाला मदत करायला येतं. घरात कार्य निघालं की शेजारीण हाताखाली येते, तसं. काम घरधनिणीचं, ही नुसती सोबत. म्हणून त्याला सहायक म्हणायचं. एक वाक्य द्या बरं. कुणी तरी कुठं तरी गेलंय, असं."

मनकर्णानं पदर नीट केला.

"आमचे मालक दिल्लीला गेले आहेत."

मास्तरांनी खडूनं ओट्याच्या फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"माय हजबंड हॅज गॉन टू डेल्ही. एक माणूस म्हणून हॅज. आता नीट ऐका. हॅज गॉन म्हणजे गेला आहे. गेला, आणि त्याचं ते गेलेलं असणं अजून चालू आहे. परत आलेला नाही, पण वाक्य बंद झालेलं नाही. दार नुसतं लोटलंय, कडी लावलेली नाही. आलं ध्यानात?"

तिच्या ते ध्यानात आलं. इतके रविवार जी गोष्ट तिला जड जात होती, ती एकदम सोपी झाली. तिनं वाक्य म्हटलं. पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी तिची जीभ 'हजबंड'वरही अडखळली नाही.

"मास्तर."

भिकन पायरीवर वळून बसला होता.

"एक इचारू का?"

"विचारा की."

"मानूस येनारच नसन, तं कोन्तं लावतेत?"

मास्तरांना प्रश्न आवडला. वर्गात असा प्रश्न मुलं विचारत नसत.

"मग हॅज लागत नाही. मग साधा भूतकाळ. ही वेंट. गेला. झालं, संपलं."

भिकननं गुडघ्यावरचं पागोटं उचललं. हातात फिरवून पाहिलं आणि डोक्यावर ठेवलं.

"मंग तिले ते शिकवा," तो म्हणाला, आणि उठून घाटाच्या दिशेनं उतरू लागला.

मास्तर त्याच्या पाठीकडं पाहत राहिले. कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी मनकर्णाकडं पाहिलं आणि लगेच फरशीवर लिहिलेल्या अक्षरांकडं. खडू त्यांच्या बोटांत होता, त्याचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. उषा चहा घेऊन दारात आली, तिला त्यांनी मान हलवून आत जायला सांगितलं.

मनकर्णानं पाटी पुसली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश.

"वेंटचं स्पेलिंग काय?" तिनं विचारलं.

"राहू द्या आज."

"सांगा ना."

"डब्ल्यू, ई, एन, टी."

तिनं ते लिहिलं. पाटी त्यांच्याकडे वळवली. मास्तरांनी मान हलवली तशी तिनं पाटी ओट्यावर ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि पायऱ्या उतरली.

तापीचं पाणी उतरलं होतं. काळे खडक उघडे पडले होते आणि पात्रातला दगडी हत्ती पोटापर्यंत कोरडा होता. पलीकडं बाया धुणी वाळत घालत होत्या. भिकन घाटाच्या मधल्या पायरीवर बसला होता. ती त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. बसली नाही.

"कवा?" तिनं विचारलं.

"मी गेलो तवा."

"म्हंजे सापडले होते."

"सापडला होता."

मग त्यानं नदीकडं पाहत सगळं सांगितलं. दिवाळीनंतर केळीच्या वाघिणींचा मुकादम सुकलाल त्याला स्टेशनात बाजूला घेऊन बोलला होता, की यादव दिल्लीत तापानं पडलाय, जाऊन या. सुकलालच्याच ओळखीनं तो वाघिणीत बसून गेला. यादव तिथल्या दवाखान्यात होता. बापाला त्यानं ओळखलं, हातही धरला. थंडी फार होती आणि पांघरूण पुरत नव्हतं, म्हणून भिकन घोंगडी घ्यायला बाजारात गेला. बाजार कुठं ते त्याला ठाऊक नव्हतं, विचारत विचारत गेला. घोंगडी घेऊन परत आला तर खाटेवर दुसराच माणूस निजला होता.

"जमनेवर अग्नी देल्ला मी त्याले," भिकन म्हणाला. "घोंगडी त्या दुसऱ्या मानसावर टाकून आलो."

घाटावर कुणी तरी कपडे आपटत होतं. त्याचा आवाज समोरच्या काठावरून उलटून येत होता.

"डोकं तिथंच भादरलं?"

"हो."

"प्रयागले नाही."

"नाही."



"माह्याबद्दल काही बोल्ले?"

भिकननं पायरीवरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"तापात होता, बाई. केळ्याचंच बोले. उतरले का, तापले तं नाही. खोटं सांगू का तुले?"

"नका सांगू."

ती आता बसली. त्याच्या जवळ नाही, दोन पायऱ्या वर. लोकरीची शाल आणि शाईचं पेन तिला आठवलं नाही. तिला आठवला तो निंबोल्याच्या वेशीवरचा वड आणि त्याच्या बुंध्याभोवती उपाशीपोटी फिरताना हातात गुंतलेलं सूत.

"दोन वडपुनवा झाल्या," ती म्हणाली. "मी वडाले सूत गुंडाळलं. दोन्ही बारीनं पूजेचे आंबे तुम्ही आनून देल्ले, मामाजी."

"हो."

"आंबे चांगले पाहून आनले होते तुम्ही."

त्याचे खांदे खाली गेले होते, आणि पाठीमागून पाहताना तो तिला वाटत होता त्याहून खूप म्हातारा दिसत होता. त्यामुळं तिचा राग कमी झाला नाही. कमी होत नाही याचंच तिला वाईट वाटलं.

"काहून नाही सांग्तलं?"

"उखर्डू," भिकन म्हणाला.

उखर्डू तिचा भाऊ. आखाजीच्या सणाला तिला माहेरी न्यायला यायचा तेव्हा दर वेळी ओसरीवर बसून म्हणायचा, परागंदा माणसाच्या नावानं किती दिवस बसवायची हिला.

"तुहा भाऊ दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपून आला असता," भिकन पुढं म्हणाला. "वरीस सरायच्या आत तुहा पाट लावला असता त्यानं. त्याच्या साडूसंगं. त्याले पाह्यलं हायेस ना तू?"

तिनं पाहिलं होतं. आखाजीला उखर्डूच्या घरी तो येऊन बसे. मोठाली पोरं होती त्याला. तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि ती पाणी देताना तो भांड्याकडं न पाहता तिच्याकडं पाहायचा.

"मी म्हटलं, आदी पोरगी पायावर उभी राहू दे. मंग सांगू. मंग पाट कराचा तं कर, नाही तं नको करू. तुह्या मनानं. शिकली का कोनाले हो म्हनायची गरज नाही राह्यत. अन् दुसरं म्हंजे तुही सासू. तिच्या अंगात काही उरलं नाही. तिले कळ्ळं तं ती वाचाची नाही."

"आत्याबाईले मालूम नाही?"

"मी सांग्तलं नाही तं कोन सांगन? सुकलालले गंगेची आन घातली मी."

"मंग आज काहून सांग्तलं? परीक्षा तं झाली नाही माही."

भिकननं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"मास्तर बोल्ले ना, कडी लावली नाही म्हनून. तू ते वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं. मी तिकडं तोंड करून बसलो होतो, पन आवाजावरून कळते का नाही. तू हसत होती."

आपण हसत होतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"तुम्ही मले वाट पाह्याले लावली," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. एवढं बोलून ती उठली आणि त्याच्या पुढं होऊन चालू लागली. शनवाऱ्याच्या मोटारतळापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. तो मागून येतोय हे तिला त्याच्या वहाणांच्या आवाजावरून कळत होतं, आणि तो आवाज थांबला असता तर तीही थांबली असती.

मोटारीत त्यानं नेहमीसारखी खिडकीची जागा तिच्यासाठी धरली. ती तिथं बसली नाही. पुढं बायांमध्ये जाऊन बसली. खिडकीची जागा मग कुणी बसेपर्यंत तशीच रिकामी राहिली, तिच्यावर भिकननं हात ठेवला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे मळे अंधारत चालले होते. असीरगडाच्या माथ्यावर थोडं ऊन होतं. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, माहेरी चालली का. ती नाही म्हणाली.

निंबोल्यात उतरल्यावर भिकन थेट गोठ्यात गेला. घरात यायला तो काही तरी निमित्त काढून उशीर लावणार हे तिला कळलं.

तिची सासू धुरपदाबाई पडवीत खाटेवर होती. यादव गेला त्या वर्षी तिचे पाय गेले ते परत चालते झालेच नाहीत. तिची खाट रस्त्याच्या बाजूलाच टाकलेली असे, आणि दिवेलागणीला येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मोठ्यानं विचारी, स्टेशनाहून आलास का, आमच्या यादवची काही खबर लागली का. आळीला ते इतकं सवयीचं झालं होतं, की बैल घेऊन जाणारी माणसं न थांबता नाही म्हणून पुढं जात. आजही कुणी तरी तसं म्हणून गेलं होतं.

मनकर्णानं पाटी-पुस्तकांची पिशवी खुंटीला लावली, चूल पेटवली, दूध तापवलं. काय करायचं ते तिनं मोटारीत ठरवलं होतं. सासूला काही बोलायचं नाही. रोजच्यासारखं वागायचं. तिनं वाटीत तेल घेतलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसून म्हातारीचे पाय चोळायला घेतले. पायांना मांस उरलं नव्हतं. तेल नुसतं हाडावरून घसरत होतं.

"आज हात गार हायेत तुहे," धुरपदाबाई म्हणाली.

"मोटारीत वारं लागलं."

"हं."

थोडा वेळ गेला. गोठ्यात भिकन बैलांशी बोलत होता, कडबा मोडल्याचा आवाज येत होता.

"यानं सांग्तलं वाटते तुले."

मनकर्णाचे हात थांबले.

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं नाही. ती आढ्याकडं पाहत होती.

"काय सांग्तलं?" मनकर्णानं विचारलं.

"तू घरात आली अन् देवापाशी गेली नाही. रोज जातेस तू, यादवसाठी. म्या मनात म्हटलं, सांग्तलं यानं."

मनकर्णानं विचारलं, "तुम्हाले कोनी सांग्तलं, आत्याबाई?"

"मले कोन सांगन? तो दिल्लीहून आला तवा मी जागी होती. दाराच्या भाईरच त्यानं अंगावरून पानी घेतलं, कपड्यासकट. नवसाहून आलेलं मानूस असं करते का? आत येऊन मले म्हने, पता नाही लागला. मी म्हटलं, बरं. त्याले वाटलं मी मरन. मले वाटलं तो मरन. मंग बरं म्हटलेलं बरं."

"अन् रोज रस्त्यानं जात्याले इचारता ते?"

"आळीले ऐकू जाया पायजे ना. आई इचारून राह्यली तवर पोरगं जितं हाये. तवर तुह्या भावाले दारात उभं राह्याचं काही कारन नाही. तवर तू मोटारीत बसून शिकाले जाऊ शकते."

मनकर्णा तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. या घरात दोघांना ठाऊक होतं. दोघं एकमेकांपासून लपवत होते आणि दोघं मिळून तिच्यापासून. देवापाशी दिवा ठेवताना, वडाभोवती फिरताना, भाकरी थापता थापता उगाच दाराकडं बघताना, या घरात ती एकटीच वाट पाहत होती. तिला उठून जावंसं वाटलं. कुठं जायचं ते तिला सुचेना. म्हातारीचा पाय अजून तिच्या मांडीवर होता.

"कवा हाये परीक्षा?" धुरपदाबाईनं विचारलं.

"होळीनंतर."

"इंग्रजीचं झालं का?"

"बरंचसं झालं."

"मंग होळीपुढं जाऊ दे." म्हातारीनं हात लांबवला. चाचपडत तिचं मनगट धरलं, आणि बांगड्या वाजणार नाहीत अशा बेतानं त्यांच्यावर आपला तळवा ठेवला. "तवर हे राहू दे हातात. त्याले बी सांगू नको का मले मालूम हाये म्हनून. त्याच्यानं आता आनखी होनार नाही. तुही परीक्षा होऊ दे, बाई. मंग रडू आपन."

मनकर्णानं खाली मान घातली आणि पुन्हा पाय चोळायला लागली. वाटीतलं तेल संपलं होतं तरी ती चोळत होती.

भिकन आत आला. दारातच थांबून त्यानं आधी बायकोकडं पाहिलं, मग सुनेकडं, मग परत बायकोकडं.

"काय बोलून राह्यल्या दोघी?"

"परीक्षेचं," धुरपदाबाई म्हणाली. "हात धुऊन घे. जेवाले वाढते ती."